नामानाची दासी आणि देवीची लस

वाचन : २ राजे ५:१–१४, फिलेमोन १०–१६, प्रेषितांचीं कृत्यें २:१–११.



नामानाची गोष्ट आपल्या मंडळींतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. आम्हीं ती शब्बाथशाळेंत ऐकली, सेमिनरींत तिचा अभ्यास केला, आणि गांवोगांवच्या मंदिरांत तिजवर अनेकदां उपदेशहि केला. आजवर आम्ही त्या गोष्टीविषयीं बोलत आलों. गेल्या उन्हाळ्यांत मात्र ती गोष्टच आमच्याशीं बोलली. तें कसें घडलें हें आम्ही शेवटीं सांगूं, कारण तें सांगितल्यावांचून हा उपदेश पुरा होणार नाहीं.

नामान हा अरामाच्या राजाचा सेनापति. शूर, मानकरी, राजाच्या मर्जींतला. परंतु त्यास कोड होतें. त्याच्या घरीं इस्राएल देशांतून धरून आणलेली एक लहान मुलगी होती, ती त्याच्या बायकोची सेवा करीत असे. शास्त्रांत तिचें नांवहि लिहिलेलें नाहीं. ज्या सैन्यानें तिला आईबापांपासून तोडलें, त्याच सैन्याचा हा मुख्य. त्याच्या दुखण्यांत तिनें मनांतल्या मनांत समाधान मानलें असतें, तर जगाच्या रीतीप्रमाणें तिला कोणीं दोष दिला नसता. परंतु शोमरोनांत देवाचा संदेष्टा आहे, त्याजकडे धनी गेले तर बरे होतील, असें तिनें आपल्या धनिणीस सांगितलें.

येथें आश्चर्याच्या गोष्टी दोन आहेत. दासी बोलली ही एक, आणि सेनापतीनें ऐकलें ही दुसरी. पुढें यार्देनेच्या कांठीं नामानाचा अभिमान पुन्हां जागा झाला. संदेष्टा बाहेर आला नाहीं, त्यानें नुसता निरोप पाठविला, म्हणून त्यास राग आला. आमच्या दिमिष्काच्या नद्या या नदीहून वाईट आहेत काय, असें म्हणून तो परत फिरला. तेव्हांहि त्यास वळविलें कोणीं? त्याच्या चाकरांनीं. म्हणजे नामान बरा झाला तो दोनदां चाकरमाणसांचें ऐकून. अंगावरील कोड यार्देनेंत धुतलें गेलें. परंतु मनावरचें कोड, म्हणजे आपलें तेंच उत्तम आणि लहानाच्या तोंडचें तें खोटें असें मानणें, तें आधीं धुतलें गेलें नसतें, तर त्यानें नदींत पाऊल टाकलेंच नसतें.

आजच्या उपदेशाचा सारांश हाच आहे. देव पुष्कळदां आपलें ज्ञान अशा मुखानें पाठवितो कीं त्याकडे कान देणें आपल्या अभिमानास जड जातें. आणि जो कान देतो तो स्वतः वांचतो व दुसऱ्यांसहि वांचवितो.

कोणी म्हणेल, ही अरामाची जुनी गोष्ट. तिचा आमच्या गांवाशीं काय संबंध? म्हणून ज्या गोष्टीची खूण अजून आपल्या घरांतल्या वडील माणसांच्या अंगावर आहे, ती सांगतों. ज्यांचें वय आज पन्नाशीच्या पुढें आहे, त्यांच्या हातावर किंवा दंडावर वाटोळे वण दिसतात. आजी म्हणते, ‘लहानपणीं देवी टोचल्या होत्या.’ त्या वणाच्या मागें नामानाच्या दासीसारखीं किती माणसें उभीं आहेत, हें पाहूं.

प्रथम त्या रोगाच्या नांवाविषयीं दोन शब्द. आपल्या मराठींत त्यास ‘देवी’ म्हणत. हिंदी मुलुखांत ‘माता’ म्हणत. तमिळ भाषेंतहि त्याचें नांव आईवाचकच आहे. ज्या रोगानें दर दहांतील तीन रोगी मरत, जे वांचत त्यांच्या तोंडावर कायमचे वण राहत आणि कित्येकांचे डोळे जात, त्या रोगास आईचें व देवतेचें नांव! आपण प्रभूस ओळखणाऱ्यांनीं या नांवास हंसूं नये. तापानें फणफणलेल्या लेंकराच्या उशाशीं बसलेल्या आईच्या हातीं कांहींच उपाय नसे. जिचें भय वाटतें तिलाच ती मानानें हांक मारी, यासाठीं कीं तिनें दया करावी. तें भय खरें होतें, आणि तें दुःखहि खरें होतें. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्या. पुढें जेव्हां लस आली, तेव्हां लोकांनीं नवा शब्द शोधला नाहीं. ‘देवी टोचणें’, ‘देवी काढणें’ असें ते म्हणूं लागले. जो शब्द भयाचा होता, तोच उपायाचा झाला. भाषेस देवानें असें सामर्थ्य दिलें आहे कीं ती जुन्या भांड्यांत नवें पाणी भरून तहानेल्याच्या हातीं देते.

आतां तें ज्ञान कोणत्या वाटेनें आलें तें ऐका. १७१७ सालीं तुर्कस्थानांत कॉन्स्टँटिनोपल शहरीं इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी मॉन्टेग्यु राहत होती. तिचें स्वतःचें तोंड देवीच्या वणांनीं विद्रूप झालें होतें आणि तिचा भाऊ त्याच रोगानें गेला होता. तेथें तिनें पाहिलें कीं कांहीं म्हाताऱ्या बाया सौम्य देवीच्या फोडांतील पू घेऊन निरोगी मुलाच्या कातडीवर सुईनें चरा पाडून त्यांत भरतात. मूल थोडे दिवस आजारी पडतें, बरें होतें, आणि पुढें त्यास देवी येत नाहींत. १७१८ सालीं तिनें आपल्या मुलास तसें टोचून घेतलें. आपल्या देशांतहि बंगालकडे टीकादार लोक असेंच काम करीत असत. हें ज्ञान प्रथम मोठ्या वैद्यांच्या पोथ्यांतून आलेलें नव्हतें. तें म्हाताऱ्या बायांच्या हातीं होतें.

१७२१ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरांत जहाजावरून देवी आल्या आणि सुमारें निम्में शहर आजारी पडलें. तेथें कॉटन मॅथर नांवाचे एक नामांकित पाळक होते. कांहीं वर्षांपूर्वीं, १७०६ सालीं, त्यांच्या मंडळीच्या लोकांनीं त्यांस आफ्रिकेंतून आणलेला एक दास भेट म्हणून दिला होता. मॅथर यांनीं त्याचें नांव ओनेसिमस ठेविलें, म्हणजे आपल्या शास्त्रांतील अनेसिम. तुला कधीं देवी आल्या होत्या काय, असें त्यास विचारलें असतां त्यानें सांगितलें कीं आल्याहि व नाहींहि. आणि आपल्या हातावरची खूण दाखवून, आमच्या देशांत ती टोचून घेण्याची रीत कशी आहे तें समजाविलें. मॅथर यांनीं ही गोष्ट उडवून लाविली नाहीं. शहरांतील इतर आफ्रिकी माणसांस विचारलें. त्यांनींहि तेंच सांगितलें. तुर्कस्थानांतून आलेला मजकूर वाचला, तोहि जुळला. मग साथ आली तेव्हां त्यांनीं वैद्यांस विनंति केली. एकट्या झाब्दियल बॉइलस्टन नांवाच्या वैद्यानें ती ऐकली. त्यानें प्रथम आपल्या सहा वर्षांच्या मुलास व घरांतील दोन दासांस टोचलें.

शहर खवळलें. दासाच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवावा, असें कित्येक म्हणाले. देवानें पाठविलेल्या शिक्षेच्या आड येणारे तुम्ही कोण, असेंहि कित्येकांनीं विचारलें. नोव्हेंबर महिन्यांत मॅथर यांच्या घरांत खिडकींतून पेटता गोळा फेंकण्यांत आला. देवाच्या दयेनें तो फुटला नाहीं. शेवटीं हिशेब झाला. ज्यांस आपोआप देवी आल्या त्यांतील दर १०० मागें सुमारें १४ मेले. ज्यांस टोचलें होतें त्यांतील दर १०० मागें २ किंवा ३. आपण पुष्कळदां ऐकतों कीं शास्त्रज्ञ एका बाजूस आणि धर्मोपदेशक दुसऱ्या बाजूस. बॉस्टनांत उलटें घडलें; पुष्कळ पाळक टोचण्याच्या बाजूचे होते आणि वैद्य विरुद्ध होते. म्हणून ही रेघ विज्ञान व धर्म यांच्यामध्यें ओढलेली नाहीं. ती ऐकणाऱ्या कानाच्या व न ऐकणाऱ्या कानाच्या मध्यें आहे, आणि ती प्रत्येक पाळकाच्या, प्रत्येक वैद्याच्या हृदयांतूनच जाते.

परंतु मॅथर यांची स्तुति करतांना त्यांचें पापहि झांकूं नये. ज्या घरानें ओनेसिमसाचें ज्ञान घेतलें, त्याच घरानें त्यास विकत घेतलेली वस्तु म्हणून ठेविलें होतें. पौलानें फिलेमोनास काय लिहिलें, हें त्या पाळकास पाठ असेल. अनेसिम या नांवाचा अर्थ उपयोगी. परंतु पौल फिलेमोनास एवढेंच सांगत नाहीं कीं हा तुला उपयोगी पडेल. त्यास आतां दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधु म्हणून घे, असें तो सांगतो. बॉस्टनच्या पाळकानें पत्रांतून नांव घेतलें, आज्ञा घेतली नाहीं. कोणाचें ज्ञान घ्यावें आणि त्या माणसास मात्र दारांत उभें ठेवावें, हें आपल्या गांवांतहि घडतें. तें आपणांस नवें नाहीं.

पुढें ७५ वर्षें गेलीं. देवीचाच पू टोचण्यांत धोका होता. कित्येक मरत आणि रोग दुसऱ्यांसहि लागे. इंग्लंडांतील खेडुतांत अशी समजूत होती कीं ज्या गवळणींच्या हातांस गाईच्या सडांवरील सौम्य फोड होतात, त्यांस देवी येत नाहींत. १७७४ सालीं बेंजामिन जेस्टी नांवाच्या शेतकऱ्यानें या समजुतीवर विसंबून आपल्या बायकोस व दोन मुलांस तो गाईचा रोग टोचला. १७९६ सालीं एडवर्ड जेनर नांवाच्या खेड्यांतील डॉक्टरानें सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडांतून पाणी घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास टोचलें, पारख केली, लिहून ठेविलें आणि १७९८ सालीं छापून सर्वांस सांगितलें. जेनर हा एका पाळकाचा मुलगा होता. त्याचा मोठेपणा यांत नाहीं कीं ही कल्पना प्रथम त्यासच सुचली. गवळणींस जें ठाऊक होतें तें त्यानें खरें कीं खोटें हें पाहण्याजोगें मानलें, यांत त्याचा मोठेपणा आहे.

ती लस मग व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी हाताहातानें समुद्र ओलांडून मुंबईस पोहोंचली. बर्फाच्या पेट्या त्या काळीं नव्हत्या. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर, अशी ती जिवंत ठेवावी लागे. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यांत आली. ती एका चाकरमाणसाची मुलगी होती. तिच्या दंडावरील फोडांतून इतर मुलांस टोचलें, आणि तेथून लस पुण्यास, सुरतेस, हैदराबादेस, मद्रासेस गेली. बंधूंनो, नामानाच्या घरची ती मुलगी आणि मुंबईची ही मुलगी यांच्यामध्यें अडीच हजारांहून अधिक वर्षें आहेत. परंतु देवाची रीत एकच दिसते. मोठ्यांच्या बरें होण्याची वाट तो लहानांच्या दंडावरून नेतो.

आतां भाषेकडे व सहकार्याकडे वळूं. बाबेलांत सर्वांची भाषा एक होती, तरी त्यांचें काम मोडलें, कारण त्यांस आपलेंच नांव करावयाचें होतें. पन्नासाव्या दिवशीं यरुशलेमांत भाषा अनेक होत्या, तरी कोणी पांगले नाहीं, कारण प्रत्येकानें देवाचीं महत्कृत्यें आपापल्या भाषेंत ऐकलीं. पवित्र आत्म्यानें भाषा पुसून एक केल्या नाहींत, हें नीट पाहा. त्यानें पार्थी माणसास पार्थी भाषेंत आणि अरबास अरबी भाषेंत समजेल असें केलें. म्हणून माणसांस एकत्र काम करण्यास एकच भाषा लागते असें नाहीं. परंतु आपलें नांव बाजूस ठेवावें लागतें.

१९५८ सालीं, जेव्हां रशिया व अमेरिका एकमेकांवर अणुबाँब रोखून बसले होते, तेव्हां अमेरिकेच्याच भूमीवर मिनियापोलिस शहरीं भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेंत रशियाचे व्हिक्टर झ्दानोव्ह यांनीं सुचविलें कीं देवीचा रोग पृथ्वीवरूनच नाहींसा करावा. १९६७ सालापासून हें काम नेटानें सुरू झालें. त्याचे मुख्य होते अमेरिकेचे डॉ. हेंडरसन, आणि उष्ण देशांत न बिघडणाऱ्या सुक्या लसीच्या शंभर कोटींहून अधिक मात्रा रशियानें फुकट दिल्या. एकमेकांस शत्रु मानणारीं दोन राष्ट्रें एकाच लेंकराच्या दंडाशीं भेटलीं.

आपल्या देशांत एक लाखाहून अधिक कामकरी कोट्यवधि घरांच्या दारांशीं गेले. किती भाषा, किती बोली! त्यांच्या हातीं एक कार्ड असे. त्यावर देवी आलेल्या मुलाचें चित्र असे. अक्षर न येणारी आजीहि तें पाहून सांगे कीं अशी खूण पलीकडच्या वाड्यांत पाहिली आहे. १९७४ सालीं बिहारांत भयंकर साथ आली, तरी काम थांबलें नाहीं. २४ मे १९७५ रोजीं आसामांतील करीमगंज येथें, रेल्वे स्थानकावर राहणाऱ्या एका निराधार स्त्रीस देवी आल्या. ती आपल्या देशांतील शेवटची रोगी ठरली. ऑक्टोबर १९७७ मध्यें सोमालिया देशांत अली माओ मालिन नांवाच्या इस्पितळांतील एका स्वयंपाक्यास हा रोग झाला. आपोआप लागलेला हा जगांतला शेवटचा रोगी. टोचण्याची भीति वाटून त्यानें लस टाळली होती. तो वांचला, आणि पुढें पोलिओच्या मोहिमेंत दारोदार जाऊन आपलीच चूक लोकांस सांगत असे. ८ मे १९८० रोजीं जाहीर झालें कीं देवीचा रोग पृथ्वीवरून गेला. विसाव्या शतकांतच या रोगानें सुमारें ३० कोटि माणसें खाल्लीं असा अंदाज आहे. आज आपल्या लेंकरांच्या दंडावर ते वण नाहींत, कारण त्यांची गरज उरली नाहीं.

त्या कामकऱ्यांतील कित्येकांस देव ठाऊक नव्हता, असें कोणी म्हणेल. खरें असेल. परंतु कोरेश राजास तरी कोठें ठाऊक होता? तरीहि यशया त्यास देवाचा मेंढपाळ म्हणतो. चांगल्या कामावर ख्रिस्ती नांव नाहीं म्हणून त्यापासून दूर राहणें ही भक्ति नव्हे.

आतां एका शंकेचें उत्तर देणें भाग आहे, कारण ती आमच्या मंडळ्यांत कानांवर येते. कांहीं बंधु म्हणतात, ‘आम्ही देवीचें भय सोडलें, अंगारे-धुपारे सोडले, आतां प्रार्थना पुरे. औषध घेणें किंवा सुई टोचणें म्हणजे अविश्वास.’ प्रिय बंधूंनो, यशया संदेष्ट्यानें हिज्कीया राजासाठीं प्रार्थनेचें उत्तर आणलें, आणि त्याबरोबर गळवावर अंजिरांचा लेप बांधण्यासहि सांगितलें (२ राजे २०:७). शोमरोनी माणसानें जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस घातला. आणि प्रभूनें आपणांस त्याप्रमाणेंच करण्यास सांगितलें. पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्यास प्रेमानें वैद्यच म्हणतो (कलस्सै ४:१४). दुखणाईतांस वैद्याची गरज असते हें प्रभूनें स्वतः मान्य केलें (मत्तय ९:१२). प्रार्थना हात जोडते, औषध हात पुढें करतें. हे दोन्ही हात एकाच शरीराचे. अंगाऱ्याचें भय सोडून जर आपण सुईचें भय धरलें, तर आपण भयाचें फक्त नांव बदललें.

तरी दुसऱ्या बाजूसहि चूक आहे. विज्ञान आपणांस रोग कसा पसरतो व कसा थांबतो हें सांगतें. शेजाऱ्यावर प्रीति कर हें सांगत नाहीं. १७६३ सालीं अमेरिकेंतील फोर्ट पिट नांवाच्या किल्ल्यांतून मूळ रहिवाशांच्या वकिलांस भेट म्हणून दोन घोंगड्या व एक रुमाल देण्यांत आला. तीं वस्त्रें देवीच्या इस्पितळांतलीं होतीं, आणि तीं मुद्दाम दिलीं होतीं. देणाऱ्यांस रोग कसा लागतो याचें ज्ञान होतें, प्रीति नव्हती. त्याच ज्ञानानें एकानें लेंकरूं वांचविलें आणि दुसऱ्यानें शेजारी मारण्याचा यत्न केला. सुई कोणाच्या हातीं आहे यापेक्षां ती धरणारें हृदय कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न मोठा. आणि तो सोडविण्यास आपणांस ख्रिस्ताची गरज आहे.

आतां आमची स्वतःची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यांत, ऊसतोडणीस गेलेलीं आमच्या मंडळींतील कुटुंबें परत आलीं तेव्हां, एका रविवारीं गांवची आशाताई मंदिराच्या दारांशीं आली. ती आमच्या मंडळीची नव्हे. फार शिकलेलीहि नव्हे. ती म्हणाली, ‘पाळकसाहेब, तोडणीला गेलेल्या लेंकरांचे गोवराचे डोस चुकलेत. सगळ्या आया आतां इथंच बसल्यात. उपासना झाली कीं मला पांच मिनिटं बोलूं द्या.’ आम्हीं तिला सांगितलें कीं ही उपासनेची जागा आहे, दवाखान्याचें काम दवाखान्यांत करावें. ती कांहीं न बोलतां गेली. त्या दिवशीं आमचा उपदेश सेवेवर होता.

तीन आठवड्यांनीं वस्तींत गोवर आला. पावणेदोन वर्षांच्या एका मुलास फार जड गेला. आधीं छाती भरली, मग डोळे आले. त्याचे आईबाप त्यास घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळांत अकरा दिवस राहिले. आम्हीं त्याच्या उशाशीं प्रार्थना केली, आणि देवानें त्यास वांचविलें, त्याचें नांव धन्यवादित असो. परंतु उजव्या डोळ्यांत फूल पडलें. त्या डोळ्यानें त्यास दिसत नाहीं. एके दिवशीं इस्पितळाच्या ओट्यावर त्याच्या आईनें आम्हांस विचारलें, ‘पाळकसाहेब, त्या रविवारीं ती आशाताई आली होती ना? तिला काय सांगायचं होतं?’ तिच्या शब्दांत राग नव्हता. तिला खरोखरच ठाऊक नव्हतें. आम्हांस उत्तर देववेना. त्या रात्रीं आम्हीं २ राजे ५ वा अध्याय उघडला आणि जाणलें कीं दासी बोलली होती, परंतु नामान घरींच बसला होता.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिच्या घरीं गेलों आणि क्षमा मागितली. तिनें दोष दिला नाहीं. तिनें एवढेंच विचारलें कीं तुमच्या मंडळींत पांच वर्षांखालील लेंकरें किती. तेव्हां आम्हांस आठवलें कीं आमच्याजवळ बाळांच्या समर्पणाची व बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. तींत प्रत्येक लेंकराचें नांव व जन्मतारीख आहे. तिच्याजवळ लस होती, यादी अपुरी होती. आमच्याजवळ यादी होती आणि ती कपाटांत पडून होती. आईबापांस विचारून, दिवा लावून, आम्ही दोघांनीं व तिच्या सासूबाईंनीं त्या रात्रीं यादी केली. सतरा लेंकरें निघालीं, त्यांतील नऊ जणांचे डोस राहिले होते. पुढच्या रविवारीं ती आमच्या मंदिरांत उभी राहिली आणि तिनें गोवराविषयीं वस्तीच्या बोलींत सांगितलें. सेमिनरींत शिकलेली आमची भाषा ज्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून जात असे, त्यांनीं मान हलविली. पन्नासाव्या दिवसाचा अर्थ त्या दिवशीं आम्हांस थोडा अधिक कळला.

ही कबुली आम्ही अशासाठीं लिहितों कीं खेड्यांतील उपदेशकबंधु व बायबलबाया यांनीं आमची चूक करूं नये. तीन गोष्टी मनांत ठेवा. पहिली, आपल्या मंडळीबाहेरचें किंवा आपल्याहून कमी शिकलेलें माणूस हिताची गोष्ट सांगावयास आलें, तर आधीं ऐका, मग पारखा. परंतु ऐकल्यावांचून परत पाठवूं नका. दुसरी, मंडळीजवळ जें आहे, मग ती नोंदवही असो, मंदिराचा ओटा असो किंवा घंटा असो, तें सर्व गांवाच्या लेंकरांसाठीं उघडें ठेवा. रोग कोणाच्या धर्माची चौकशी करीत नाहीं. तिसरी, जें सांगावयाचें तें ऐकणाऱ्याच्या बोलींत सांगा. शब्द शुद्ध असला आणि आईस समजला नाहीं, तर त्या शब्दानें लेंकराचा डोळा वांचत नाहीं.

तो मुलगा आतां धांवूं लागला आहे. रविवारीं तो पुढच्या चटईवर बसतो आणि मान थोडी वांकडी करून डाव्या डोळ्यानें आमच्याकडे पाहतो. आम्ही उपदेश करतांना त्याच्याकडे पाहतों, आणि बोलण्यापूर्वीं ऐकण्यास शिकतों.

प्रार्थना करूं. हे आमच्या स्वर्गीय बापा, तूं दासीच्या मुखानें सेनापतीस वाट दाखविलीस. आमच्या कानांवरील अभिमानाचें झांकण काढ. जे शोध करतात त्यांस प्रीति दे, जे प्रीति करतात त्यांस ज्ञान दे, आणि अनेक भाषा बोलणाऱ्या आम्हां लेंकरांस एका कामाला लाव. आम्हीं ज्यास परत पाठविलें त्यास आमच्या दाराशीं पुन्हां आण. हें आम्ही आमचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या नांवानें मागतों. आमेन.